हिपहॉप नाटकाला पहिल्यांदा जाताय? वर्ण आणि ओळखीबद्दलचा प्रयोग कसा पाहावा

अमेरिकेत नव्याने आलेल्या नाटकवेड्या मराठी माणसाचे दोन रस्ते ठरलेले असतात. एक महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकांकडे जातो, दुसरा ब्रॉडवेवरच्या मोठ्या संगीतिकांकडे. पण याच शहरांत छोट्या नाट्यगृहांमध्ये आणखी एक नाटक चालू असतं. कोपऱ्यात डीजेचं टेबल, रंगमंचावर जवळजवळ काहीच नाही, आणि एखादी कृष्णवर्णीय अभिनेत्री किंवा पोर्तो रिकन नट दीड तास आपल्या वस्तीबद्दल, रंगाबद्दल, नावाबद्दल बोलतो, रॅप करतो, नाचतो. आपल्या लोकांच्या यादीत हे नाटक सहसा नसतं. ते असावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून तिकीट काढण्यापासून प्रयोगानंतरच्या चर्चेपर्यंत काय करायचं ते इथे क्रमाने सांगते. मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे उदाहरणं बरीचशी न्यूयॉर्कच्या बाजूची आहेत. लंडनमध्ये किंवा सॅन फ्रान्सिस्कोकडे राहणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी हे नाटक कुठून आलं ते

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर एक इमारत आहे. ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री तिथल्या रहिवाशांसाठीच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली. नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. गाणी लावायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकात जन्मलेला, पुढे डीजे कूल हर्क म्हणून जगाला माहीत झालेला. गाण्यात जिथे बाकीची वाद्यं थांबतात आणि फक्त ढोल उरतो, त्या तुकड्याची नाचणारे वाट पाहतात हे हर्कने हेरलं. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तुकडा लांबवत न्यायला सुरुवात केली. त्या तुकड्याला 'ब्रेक' म्हणतात. त्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल, आणि मायक्रोफोनवरून गर्दीला साद घालणारा तो एमसी. रॅप या सादेतून वाढला. डीजे, एमसी, ब्रेकिंग आणि भिंतींवरची ग्राफिटी ही हिपहॉपची चार अंगं मानली जातात.

हे सगळं घडलं तो ब्रॉन्क्स कसा होता? क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे या महामार्गासाठी भरवस्तीतून हजारो घरं उठवली गेली होती. मागे राहिलेल्या इमारती सत्तरच्या दशकात एकामागून एक जळत होत्या. शहराने सोडून दिलेल्या कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन आणि कॅरिबियन मुलांनी 'आम्ही इथे आहोत' हे सांगायला हे सगळं उभं केलं. नाटकात पाहायचं ते हेच. वर्ण आणि ओळख हा इथे वरून चिकटवलेला विषय नाही, या कलेचा जन्मच त्यातून झाला आहे.

रंगभूमीवर हा प्रवाह यायला थोडा वेळ लागला. वाट आधीच तयार होत होती: १९६८ मध्ये हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीत सुरू झालेला लास्ट पोएट्स हा ढोलावर कविता म्हणणारा गट, आणि १९७६ मध्ये ब्रॉडवेवर पोचलेलं एन्टोझाके शांगे यांचं कविता आणि नृत्य यांतून बांधलेलं नाटक. नव्वदच्या दशकात डॅनी हॉक, सारा जोन्स, विल पॉवर ही मंडळी हिपहॉपच्या भाषेत एकपात्री प्रयोग करू लागली. फिलाडेल्फियात रेनी हॅरिस यांनी १९९२ मध्ये स्वतःची नृत्यमंडळी काढली आणि पुढे शेक्सपिअरचे रोमिओ-ज्युलिएट रस्त्यावरच्या नाचात उतरवले. २००० मध्ये हॉक यांनी न्यूयॉर्कमध्ये हिपहॉप थिएटर फेस्टिव्हल सुरू केला, तेव्हापासून या प्रकाराला नाव आणि घर दोन्ही मिळालं.

कोणता प्रयोग निवडायचा

साधारण तीन जाती आहेत. एकपात्री किंवा दोन-तीन जणांचा प्रयोग, समूहनृत्याचा प्रयोग, आणि मोठी संगीतिका.

नवख्यांना माझा सल्ला: एकपात्रीपासून सुरुवात करा. लिन-मॅन्युएल मिरांडा यांचं 'हॅमिल्टन' (ब्रॉडवेवर २०१५ पासून) सगळ्यांना माहीत असतं. अमेरिकेच्या संस्थापकांच्या भूमिका कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नटांनी करणं हा त्यातला मोठा विचार आहे, आणि ते जरूर पाहावं. पण ते महाग आहे, भव्य आहे, आणि प्रेक्षक तिथे बऱ्याच अंतरावर बसतो. छोट्या सभागृहात नट तुमच्या डोळ्यांत बघून बोलतो. या नाटकाची खरी ताकद त्या जवळिकीत आहे. इंग्रजीची फार धास्ती वाटत असेल तर मात्र नृत्यप्रयोगाकडे जा. लंडनच्या बॉय ब्लू या मंडळींचा 'ब्लॅक व्हाइट ग्रे' हा २०१७ चा प्रयोग जवळजवळ शब्दांवाचून ओळखीबद्दल बोलतो.

शोधायचं कुठे? 'हिपहॉप थिएटर' असा शिक्का प्रत्येक जाहिरातीवर नसतो. 'स्पोकन वर्ड' (बोलून सादर केलेली कविता), 'कोरिओपोएम' (कविता आणि नृत्य एकत्र), 'सोलो परफॉर्मन्स' (एकपात्री) अशा नावाखालीही हीच माणसं सापडतात. न्यूयॉर्कमध्ये पब्लिक थिएटर, ब्रुकलिनचं बॅम, हार्लेमचं अपोलो, लोअर ईस्ट साइडमधलं न्यूयोरिकन पोएट्स कॅफे यांची वेळापत्रकं पाहत राहा. न्यू जर्सीवाल्यांना नेवार्कचं एनजेपॅक जवळ पडतं. सॅन फ्रान्सिस्कोकडे यूथ स्पीक्स ही संस्था आणि येर्बा ब्वेना सेंटर, लंडनला सॅडलर्स वेल्स. विद्यापीठांची नाट्यगृहं विसरू नका. तिथे चांगले प्रयोग फिरतीवर येतात आणि तिकिटं स्वस्त असतात. मुलं विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनला शिकत असतील तर तिथे २००७ मध्ये हिपहॉप कलांसाठी 'फर्स्ट वेव्ह' नावाचा शिष्यवृत्ती कार्यक्रमच सुरू झाला होता.

तिकिटांबद्दल थोडक्यात. प्रयोगाच्या दिवशी खिडकीवर मिळणारं 'रश' तिकीट, ऑनलाइन सोडत, आणि काही छोट्या नाट्यगृहांत 'परवडेल ते द्या' अशी एखादी रात्र, हे तीन मार्ग तपासा. ब्रॉडवेवरच्या खेळांसाठी टाइम्स स्क्वेअरची टीकेटीएस खिडकी आहे. वेळापत्रकात एखाद्या रात्रीपुढे 'ब्लॅक आउट' लिहिलेलं दिसलं तर ती रात्र कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी एकत्र बसून पाहण्यासाठी राखलेली असते. ही पद्धत २०१९ मध्ये ब्रॉडवेवर सुरू झाली. आपण दुसरी तारीख घ्यावी. आयुष्यभर गोऱ्या प्रेक्षकांत एकट्या पडलेल्या माणसाला एक संध्याकाळ आपल्या माणसांत हसता-रडता यावं, यात गैर काहीच नाही.

घरून निघण्याआधी

नाटकाची गोष्ट वाचू नका, पण नाटकाची जागा वाचा. ते ऑकलंडबद्दल आहे, ब्रुकलिनबद्दल आहे की लंडनमधल्या कॅरिबियन घरांबद्दल, हे माहीत असलं तर निम्मे संदर्भ उलगडतात. हॉक यांचा 'टेकिंग ओव्हर' हा ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्गबद्दल आहे. भाडी वाढून जुने रहिवासी कसे हुसकले जातात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्यातला राग अंगावर आल्यासारखा वाटेल.

भाषेची भीती सगळ्यांनाच वाटते. वेगाने आलेल्या रॅपमधलं पहिल्या ऐकण्यात बरंच निसटतं, आणि ते चालतं. तरीही तयारी करायची असेल तर कलाकाराच्या पाच-दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती आधी ऐका. कान त्याच्या उच्चारांना सरावतो. उपशीर्षकांची सोय आहे का ते नाट्यगृहाला विचारा. ब्रॉडवेच्या नाट्यगृहांत गॅलाप्रो नावाच्या अ‍ॅपवर खुर्चीत बसून मजकूर वाचता येतो, छोट्या ठिकाणी ठरावीक दिवशी पडद्यावर ओळी दाखवतात.

बऱ्याच प्रयोगांना मध्यंतर नसतं. सत्तर ते नव्वद मिनिटं सलग. पोटात काहीतरी घालून जा, आणि उशीर करू नका, कारण सुरू झाल्यावर दार बंद होऊ शकतं. आवाज मोठा असतो, खर्जाचे ठोके छातीत जाणवतात, कधी धूर आणि झगझगणारे दिवे असतात. तशी सूचना दाराशी लावलेली असते. ज्येष्ठांना नेत असाल तर कानात घालायचे बोळे बरोबर ठेवा. कपडे रोजचे चालतात.

ऐकायचं कसं

इथे जरा थांबते, कारण नवखा प्रेक्षक इथेच अडखळतो.

आपल्याला गोष्टीची सवय असते: सुरुवात, पेच, उकल. हे नाटक बहुधा तसं चालत नाही. ते तुकड्यांनी चालतं. एक पात्र येतं, दहा मिनिटं बोलतं, जातं. दुसरं येतं. मध्येच नट स्वतःच्या नावाने बोलू लागतो. कीर्तन ऐकत वाढलेल्याला हे परकं वाटायला नको: एकच माणूस क्षणात राजा, क्षणात म्हातारी, मागे साथीदार ओळ उचलून धरणारे, आणि कथा सोडून समोरच्यांशी थेट बोलणं. डीजेला साथीदार समजा, पार्श्वसंगीत नव्हे. तो काय वाजवतो ते नाटकातलं वाक्यच असतं. जुन्या गाण्याची एखादी ओळ, एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाचा तुकडा, पोलिसांच्या वायरलेसची खरखर तो मध्येच घालतो. नट एक म्हणतो आणि डीजे त्याच्याखाली दुसरंच सांगतो. त्या दोहोंमधल्या तणावाकडे कान ठेवा.

दुसरं, पुनरावृत्ती. एकच ओळ किंवा हालचाल पुन्हा पुन्हा येते तेव्हा 'झालं की हे' असं मनात येतं. हर्कच्या दोन तबकड्या आठवा. तुकडा परत येतो तेव्हा त्यात काय बदललं ते पाहा. पहिल्यांदा पोलिसासमोर हात वर करणारा मुलगा हसत असतो. चौथ्यांदा तोच हात तसाच वर जातो आणि हसू नसतं. संवादात न सांगितलेली गोष्ट त्या फरकात असते.

तिसरं, शरीर. मार्क बामुथी जोसेफ यांच्या 'वर्ड बिकम्स फ्लेश' (२००३) मध्ये बाप होऊ घातलेला एक कृष्णवर्णीय तरुण न जन्मलेल्या मुलाशी बोलतो. त्यात अर्धा अर्थ नाचात आहे. शब्द निसटले तर खांदे बघा, पावलं बघा. कुठल्या पात्राला रंगमंचावर मोकळं चालता येतं आणि कोण आक्रसून उभं राहतं, एवढं टिपलं तरी नाटक कळू लागतं.

दाद

इथे गप्प बसणं म्हणजे सभ्यपणा नाही. कलाकार हाक देतो, प्रेक्षकांनी उत्तर द्यायचं असतं, आणि काय म्हणायचं ते तो आधी शिकवतो. कवितेतली ओळ भिडली की टाळीऐवजी चुटक्या वाजवतात, म्हणजे पुढचे शब्द झाकले जात नाहीत. 'हं', 'हं हं' असे हुंकार उमटतात. डॉमिनिक मॉरिसो या नाटककार आपल्या प्रयोगांच्या पत्रिकेत एक पुरवणीच घालतात: इथे मोठ्याने हसायला, हुंकार द्यायला परवानगी आहे. ती लिहावी लागली, कारण मनापासून दाद देणाऱ्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांना शेजारचे लोक 'शूऽऽ' करत असत. तुमच्या शेजारच्या बाईंनी मोठ्याने 'होय बाई!' अशा अर्थाचं काही म्हटलं तर त्यांच्याकडे वळून पाहू नका. त्या नाटक बिघडवत नाहीत, नाटकात भाग घेत आहेत.

ताल धरायचा असेल तर एक बारीक गोष्ट. आपली टाळी सवयीने समेवर, पहिल्या मात्रेवर पडते. इथे चार मात्रांमधली दुसरी आणि चौथी मात्रा टाळीची. आजूबाजूचे हात बघून सुरुवात करा, दोन मिनिटांत जमतं.

दाद आणि बडबड मात्र वेगळी. शेजाऱ्याला मराठीत भाषांतर करून सांगू नका. फोन बंद ठेवा. छोट्या खोलीत त्याचा उजेड नटाच्या तोंडावर पडतो.

जे शब्द उच्चारायचे नाहीत

प्रयोगात कृष्णवर्णीयांसाठीची जुनी शिवी, इंग्रजी 'एन' ने सुरू होणारी, अनेकदा येऊ शकते. ते आपसात ती वापरतात, त्यामागे त्यांचा इतिहास आहे, आणि त्यांच्यातही त्याबद्दल वाद आहेत. आपण ती म्हणायची नाही. गाण्याबरोबर नाही, हाक आली तरी नाही, नंतर मित्राला प्रसंग सांगतानाही नाही. जुन्या मराठी पुस्तकांत छापला जाणारा 'निग्रो' हा शब्दही आज अपमानकारक आहे. बोलताना सरळ 'ब्लॅक' म्हणा. आणि आपल्या घरांत, गाडीत, कुजबुजत जे शब्द कृष्णवर्णीयांसाठी वापरले जातात ते तुम्हालाही माहीत आहेत. मराठीत म्हटलं तर कोणाला कळतंय, असं समजू नका. सूर सगळ्यांना कळतो.

या नाटकात आपण कुठे आहोत

'हा गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न, आपण तिसरेच' असं मनात ठेवून बसलात तर नाटक तुमच्या अंगावरून जाईल. आपण तिसरे कधीच नव्हतो.

१९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. निकालानंतर आधी मिळालेली नागरिकत्वंही हिसकावली जाऊ लागली. आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबं इथे येऊ शकली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे, आणि तो कायदा ज्या वातावरणात झाला ते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने घडवलं होतं. रंगमंचावरचा माणूस त्याच्या आजीच्या मोर्चाबद्दल बोलतो तेव्हा आपल्या व्हिसाबद्दलही बोलत असतो.

महाराष्ट्राचा धागा याहून जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले, म्हणजे हार्लेमच्या अगदी शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ऑकलंडच्या ब्लॅक पँथरकडे पाहून. जात आणि वर्ण एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण आपल्या आडनावावरून काय ओळखलं जातं हे ज्याने अनुभवलं आहे, त्याला या नाटकातलं बरंच काही कुणी समजावून द्यावं लागत नाही. आणि ज्याला ते कधीच अनुभवावं लागलं नाही, त्याने ते का लागलं नाही याचा विचार करायला हे दीड तास चांगले आहेत.

सारा जोन्स यांचा 'ब्रिज अँड टनेल' यासाठी पाहण्यासारखा नमुना आहे. क्वीन्समध्ये स्थलांतरितांची काव्यसंध्या भरली आहे आणि तिचा सूत्रधार आहे मोहम्मद अली नावाचा पाकिस्तानी हिशेबनीस. सगळी पात्रं जोन्स एकट्या करतात. २००६ मध्ये तो ब्रॉडवेवर आला आणि त्याला विशेष टोनी पुरस्कार मिळाला. दक्षिण आशियाई लहेजा एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या तोंडून ऐकताना तुम्हाला हसू येतं, आपलेपणा वाटतो की कुठेतरी टोचतं? तिन्ही एकदमही होऊ शकतं. कोणाचा आवाज कोणी काढायचा हा या नाटकातला जिवंत प्रश्न आहे. हॉक हे गोरे ज्यू कलाकार, आणि त्यांनीही सगळ्या वर्णांची पात्रं केली, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यासमोरही उभा राहिला.

प्रयोगानंतर

पुष्कळदा 'टॉकबॅक' असतो: नट खुर्ची टाकून बसतात आणि प्रेक्षक विचारतात. थांबा. प्रश्न विचारायचा तर कामाबद्दल विचारा. हा तुकडा तीनदा का आला, डीजेबरोबर तालीम कशी होते, ते पात्र कुठे भेटलं. 'आमच्याकडेही असंच असतं' म्हणून पाच मिनिटं भाषण करू नका, आणि 'तुमच्या समाजाने आता काय करावं' हे तर अजिबात नको. 'हा सगळा भेदभाव खरंच अजून आहे का' असा प्रश्न मी आपल्या लोकांकडून ऐकला आहे. दीड तास तेच दाखवून घामाने निथळलेल्या माणसाला पुन्हा पुरावा मागणं फार क्रूर आहे. काही सुचलं नाही तर 'धन्यवाद' पुरे. दाराशी नट भेटले तर त्यांच्या केसांना हात लावू नका, विचारूनही नाही.

काही कळलं नाही, राग आला, अपराधी वाटलं, तर ते लगेच शेजारच्या कृष्णवर्णीय प्रेक्षकाकडून समजून घेऊ नका. तो नाटक पाहायला आला आहे. आपापसात बोला, वाचा. हार्लेममध्ये १३५ व्या रस्त्यावरचं शोमबर्ग सेंटर हे कृष्णवर्णीय इतिहासाचं ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे.

मुलांना न्यायचं का? वयाची सूचना वाचून, पण बारा-तेराच्या पुढे जरूर न्या. इथे वाढणारी आपली मुलं शाळेत रोज याच प्रश्नांत वावरतात आणि घरी त्याबद्दल क्वचित बोलतात. परतीच्या गाडीत त्यांना आधी बोलू द्या. रॅपचे शब्द त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळलेले असतील, निसटलेल्या जागा त्यांनाच विचारा.

आणि एखादा प्रयोग हुकलाच, तर न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये सार्वजनिक ग्रंथालयाची प्रयोगकलांची शाखा आहे. १९७० पासून तिथे नाटकांची चित्रणं जतन होत आली आहेत. आधी वेळ ठरवून, ग्रंथालयाचं कार्ड दाखवून, तिथल्याच पडद्यासमोर बसून ती पाहता येतात. घरी नेता येत नाहीत, म्हणून वही-पेन घेऊन जा.